सतरा नंबरचा फॉर्म

देवाची आठवण माणसाला दोन वेळा हमखास येते. एक परीक्षेच्या हॉलमध्ये, आणि दुसरी संध्याकाळी कॅश जुळत नाही तेव्हा. पैकी दुसऱ्या प्रसंगाचा मला वीस-बावीस वर्षांचा अनुभव आहे आणि पहिल्याचा बी. कॉम. होईपर्यंत होता. दोन्ही ठिकाणी माझ्या असं लक्षात आलं आहे की, माणूस देवाशी बोलतो तो भक्त म्हणून नव्हे, कर्जदार म्हणून. नवस म्हणजे दुसरं काय? पोस्ट-डेटेड चेक! 'आधी काम कर, मग अकरा नारळ.' तारीख पुढची, रक्कम अक्षरी, आणि काम झाल्यावर चेक वटेलच याची खात्री खुद्द देवालाही नाही. त्यातून परीक्षा मार्चमध्ये. म्हणजे तिकडेही मार्च-एंडिंग! लाखो पोरांचे अर्ज एकदम काउंटरवर. मला तर कधीकधी वाटतं, शिखरावरचा कळस म्हणजे 'कृपया रांगेत उभे राहा' अशी पाटीच असावी. फक्त ती आपल्याला वाचता येत नाही.

या चेकवाल्यांच्या जगात मला एक बाई अशी भेटली की, तिने देवाकडे परीक्षेच्या काळात एकही चेक टाकला नाही. ती ख्रिस्ती होती, वय चाळिशीच्या अलीकडचं, आणि ती दहावीला बसत होती. बसत होती म्हणजे खरोखरच बसत होती. उठायचं नाव नाही!

पण त्याआधी गाव सांगायला हवं. २०१७ साली माझी बदली शहापूरला झाली. शहापूरला जायचं तर कसारा लोकल धरायची आणि आसनगावला उतरायचं. शहापूरच्या नावाचं स्टेशन नाही. पुढे माझी बदली झाली त्या मुरबाडला तर गाडीच नाही. कल्याण-मुरबाड रेल्वे गेली कित्येक वर्षं कागदावरून मात्र अगदी वेळेवर धावते आहे. शहापूर तालुक्यात तानसा, मोडकसागर आणि भातसा अशी तीन मोठी धरणं. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं आहे. त्या पाण्यावर मुंबई दोन वेळा आंघोळ करते, गाड्या धुते आणि उरलेल्यात कुंड्या भिजवते. आणि एप्रिल-मे आला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात. याला अर्थशास्त्रात काय म्हणतात ते आम्हांला कॉलेजात शिकवलं असावं. पण पेपरात आलं नाही, म्हणून लक्षात राहिलं नाही.

तर मावशी. आमच्या शाखेत सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन झाडलोट करणारी, पाणी भरून ठेवणारी बाई. बँकेत झाडलोट करणारी बाई ही जन्मतःच मावशी असते. आमचे मॅनेजर निवृत्तीला दीड वर्ष उरलेले, मागे केस नाहीत आणि पुढे प्रमोशन नाही; पण तेसुद्धा तिला मावशीच म्हणत. ती अर्धवेळ होती. म्हणजे पगार अर्धवेळ, काम पूर्णवेळ. पूर्णवेळ शिपायाच्या जागेवर जायचं तर दहावी पास हवं, असं एक परिपत्रक होतं. आमच्याकडे परिपत्रकं रोज येतात, ती वाचायची नसतात, फाइल करायची असतात. त्या परिपत्रकाचं दुर्दैव असं की, ते फाइलला लागण्यापूर्वी मावशीने ते टेबल पुसताना वाचलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "साहेब, सतरा नंबरचा फॉर्म कुठं भेटतो?"

ज्यांची मुलं सरळ मार्गाने पास होत गेली त्यांच्यासाठी सांगतो. शाळा सुटलेल्या माणसाला बाहेरून दहावीला बसायचं असेल तर बोर्डाचा जो फॉर्म भरावा लागतो, तो सतरा नंबर. महाराष्ट्रात हा आकडा असा काही रूढ झाला आहे की, 'तो सतरा नंबरने बसलाय' असं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू असतो ना, तसा शिक्षणातला सतरावा.

मावशीचं माहेर नगरकडचं, राहुरीच्या बाजूचं. नवरा ट्रकवर ड्रायव्हर. माळशेज उतरून कामासाठी इकडे आला आणि इकडचाच झाला. मुलगी चार वर्षांची असताना तो वारला. स्वतः मावशीची शाळा सातवीत सुटली. कारण पुढची शाळा दूर होती आणि धाकटी भावंडं जवळ होती. घर किन्हवलीच्या बाजूला. सकाळची पहिली एसटी चुकली तर दुसरी येईपर्यंत आमची शाखा उघडून, 'सर्व्हर डाऊन' होऊन, पुन्हा चालू होऊन, चहा झालेला असे. पण मावशीची एसटी कधी चुकली नाही. एसटीच कधीकधी चुकायची.

ती ख्रिस्ती आहे हे शाखेला कळलं ते एका सोमवारी. कॅशियरने विचारलं, "काल रविवारी कुठं गायब होता, मावशी? बाजारात दिसला नाहीत."

"मंडळीत गेले होते," मावशी म्हणाली.

कॅशियर गार पडला. त्याच्या घराण्यात मंडळी म्हणजे बायको. रविवारी मंडळीपासून सुटका मिळावी म्हणून तर तो बाजारात जात असे. आता बाईमाणूस रविवारी मंडळीत गेली म्हणजे काय, याचा विचार करता करता त्याने शंभराचं बंडल तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा उत्तर निरनिराळं आलं. मग मावशीने सांगितलं की, मंडळी म्हणजे चर्चला जमणारे सगळे विश्वासू लोक. त्यांची मंडळी एका भाड्याच्या खोलीत भरायची. पंचवीस-तीस माणसं, एक पेटी, एक डफ आणि महिन्यातून दोनदा येणारे पाळक. पाळक म्हणजे पाद्री, हेही आम्हांला तिनेच सांगितलं. एकूण शाखेतलं मराठी मावशीमुळे बरंच सुधारलं.

मार्च २०१९ मध्ये ती पहिल्यांदा बसली. परीक्षेच्या आदल्या दिवशी कॅशियरने आपली गाजलेली विनोदबुद्धी परजली. "काय मावशी, तुमच्या येशूला सांगून ठेवलंत ना पास करायला?"

मावशी फरशी पुसतच म्हणाली, "पास कर असं नाही मागत मी, साहेब. अभ्यासाला बसायचं बळ दे म्हणते. पास करायचं काम बोर्डाचं. देवबापाला कशाला दुसऱ्याच्या खात्यात घालायचं?"

हे वाक्य मी मनातल्या मनात दोनदा वाचलं. खातेनिहाय जबाबदारीची इतकी स्वच्छ वाटणी मी आमच्या हेड ऑफिसच्या एकाही परिपत्रकात पाहिलेली नाही.

निकाल लागला. मराठी, हिंदी, विज्ञान, समाजशास्त्र पास. इंग्रजीत नापास आणि गणितात तीस. पासाला हवेत पस्तीस. शाखेत थोडा वेळ सुतकी शांतता पसरली. मग मावशीच म्हणाली, "पेरणाऱ्याच्या दाखल्यात प्रभूनं सांगितलंय, चांगल्या जमिनीत पडलेल्या बियांचं पीक कुठं शंभरपट आलं, कुठं साठपट, कुठं तीसपट. तीसपटसुद्धा चांगल्या जमिनीतलंच धरलंय त्यात. बोर्डाला पस्तीस लागतात, त्याला प्रभू काय करील?" आणि तिने जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरला.

मला राहवेना. कॉमर्स ग्रॅज्युएट माणसासमोर कोणी गणितात पाच गुणांनी नापास झालं, म्हणजे डॉक्टरसमोर शिंकल्यासारखं आहे. मी म्हटलं, "मावशी, रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बसू." त्या दिवसापासून मी 'साहेब' होतो तो 'सर' झालो. बावीस वर्षांत मला मिळालेलं हे एकमेव प्रमोशन!

त्याच सुमारास वाचनालयातून मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणली होती. ज्यांनी ती वाचली नसतील त्यांनी हा लेख इथेच बाजूला ठेवून ती वाचावीत. माझा लेख कुठे पळून जात नाही. बाई १८६८ साली जन्मल्या, अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरओळख झाली ती घरात, नवऱ्याकडून. आणि नवरा कोण, तर नारायण वामन टिळक. म्हणजे मोठा कवी आणि त्याहून मोठा चक्रम. घरात आलेले पैसे वाटून टाकायचे आणि मग घरात पैसे का नाहीत म्हणून चकित व्हायचं, अशी त्यांची हिशेबाची पद्धत. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा बाईंवर आकाश कोसळलं. पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, स्वतःशी भांडल्या, आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ साली वारले. त्यांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं होतं. दहाएक अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहून ते काव्य कोणी पुरं केलं? शाळेत न गेलेल्या या बाईने! आणि १९३४ पासून जी 'स्मृतिचित्रे' येऊ लागली, ती तर मराठीतल्या पदवीधरांनी अजून पुसलेली नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मी मावशीला यातलं काही काही सांगायचो. टिळक तिला आधीच ठाऊक होते. त्यांची भजनं त्यांच्या मंडळीत दर रविवारी म्हणतात, 'उपासना संगीत' नावाच्या पुस्तकातून. पण त्यांच्या बायकोचा हा सारा उद्योग तिला नवा होता. ऐकून म्हणाली, "म्हंजे बाईंचा सतरा नंबरच की!"

मग मी पंडिता रमाबाईंचं काढलं. या बाईंना लहानपणापासून आईवडिलांनी संस्कृत शिकवलेलं. त्यामुळे त्यांची गोष्ट वेगळी. पण अडचणी काही वेगळ्या नव्हत्या. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. १८८३ मध्ये लहान मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, त्याच वर्षी ख्रिस्ती झाल्या. डॉक्टर व्हायचं होतं, ते कान अधू म्हणून राहिलं. दुसरा कोणी असता तर 'नशिबात नव्हतं' म्हणून परत आला असता. बाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत राहिल्या आणि तिथेच संस्कृत शिकवत राहिल्या. १८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' काढलं, पुढे केडगावला 'मुक्ती'चा केवढा पसारा उभा केला. आणि चाळिशी उलटल्यावर काय करावं? माणसं चाळिशी उलटल्यावर चष्मा करतात. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून सगळ्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं, आणि १९२२ मध्ये मरणाच्या उंबऱ्यावर असताना ते पुरं केलं. छपाई केडगावलाच, खिळे जुळवायला आश्रमातल्या बायका.

मावशी डबा बंद करत म्हणाली, "सर, त्या मोठ्या बाया. आमच्या आजीचं सांगते. आजीला मिशनच्या बोर्डिंगात वाचायला शिकवलं होतं. दुसरं काही वाचलं नाही तिनं जन्मात, एक शास्त्र सोडून. पण ते रोज वाचायची. तिला बघून आम्हांला वाटायचं, माणसानं वाचायचंच असतंय. जेवायचं असतंय तसं."

आणि मग माझ्या लक्षात आलं की, आम्ही ज्या रस्त्याच्या आसपास बसून वर्गसमीकरणं सोडवत होतो, तोच कल्याणहून मुरबाडवरून माळशेज चढून नगरला जातो. या रस्त्याच्या खालच्या टोकाला, कल्याणला, टिळक लहानपणी शाळेत गेले. वरच्या टोकाला, नगरला, त्यांचा आणि लक्ष्मीबाईंचा संसार झाला. त्याच नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले शिकवण्याचं शिक्षण घ्यायला गेल्या होत्या. जोतीराव स्वतः पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. दोघं ख्रिस्ती झाले नाहीत ते नाहीतच; पण शिकले, आणि त्यांच्यामुळे केवढी दुनिया शिकली. एसटीवाले या गाडीच्या पाटीवर नुसतं 'कल्याण–नगर' लिहीत. पाटीवर जागा कमी असते, त्याला इलाज नाही.

आता गणित. दहावीच्या पुस्तकात हल्ली 'अर्थनियोजन' नावाचा एक धडा आहे. त्यात जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड आणि गुंतवणुकीवरचा परतावा. ज्या बाईचा पगार सात तारखेला येऊन नऊ तारखेला संपतो, तिला म्युच्युअल फंड समजावणं म्हणजे टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला पोहणं शिकवण्यासारखंच. मी दोन दिवस घसा फोडला. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "सर, हे रुपयांच्या दाखल्यासारखं आहे का?"

"कुठला दाखला? तलाठ्याचा?"

"शास्त्रातला हो!" आणि तिने तो सांगितला. एक धनी परगावी जाताना तिघा चाकरांकडे पैसे देऊन जातो. एकाला पाच हजार, एकाला दोन हजार, एकाला एक हजार. मराठी शास्त्रात चक्क रुपयेच म्हटलं आहे. पहिला व्यापार करून पाचाचे दहा करतो, दुसरा दोनाचे चार. तिसरा खड्डा खणून पुरून ठेवतो. धनी परत आल्यावर तिसऱ्याला रागावतो की, निदान सावकाराकडे ठेवले असतेस तरी व्याज आलं असतं.

मी अवाक झालो. बायबलमध्ये मुदत ठेवीचा इतका सरळ पुरस्कार आहे हे आमच्या डिपॉझिट विभागाला माहीत नाही, नाहीतर नाताळात त्यांनी पोस्टर काढलं असतं. अर्थात उदाहरण म्हणून ते अपुरंच. मुदत दिलेली नाही, व्याजाचा दर दिलेला नाही, वारसाचं नाव नाही. असा अर्ज आमच्याकडे आला असता तर आम्ही परत पाठवला असता. पण मी वही ओढली आणि म्हटलं, "हं, काढा पहिल्याचा परतावा."

"पाचावर पाच. शंभर टक्के."

"दुसऱ्याचा?"

"दोनावर दोन. शंभर टक्के." आणि ती एकदम थांबली. पेन्सिल तशीच वहीवर. मग सावकाश म्हणाली, "म्हणून धनी दोघांना सारखाच शाबास म्हणाला, सर! अक्षरसुद्धा बदललं नाही त्यानं. लहानपणापासून ऐकतेय, मला वाटायचं दोन हजारवाल्याला उगीच बरं वाटावं म्हणून म्हणाला असंल. रक्कम वेगळी, पण दर सारखाच आहे की!"

माझ्या कॉमर्सच्या आयुष्यात टक्केवारी बऱ्याच जणांना समजावली, पण ती समजून कोणाचे डोळे भरून आलेले पाहिले नव्हते. मीही मग चष्मा पुसला. धूळ फार असते शहापूरला.

अंकगणिती श्रेढी मात्र तिने देवाची मदत न घेता केली. "पहिल्या पदात रोज तेवढंच मिळवत जायचं, एवढंच ना? हे तर आयुष्यभर करतेय," म्हणाली. संभाव्यतेला फासे आणि पत्ते आले, तेव्हा तिने पाळकांना विचारून घेतलं की, परीक्षेपुरते पत्ते चालतील का. पाळक समजूतदार निघाले. म्हणाले, उत्तरपत्रिकेत काढा, घरी काढू नका.

ग्रेस मार्कांवरून एकदा आमचा वाद झाला. मी सांगितलं, काठावर असलात तर थोडे गुण बोर्ड वरून देतं, त्याला ग्रेस म्हणतात. ती म्हणाली, "म्हंजे कृपा. कृपा ही कमवता येत नाही, सर. लायकी नसताना मिळते ती कृपा." मी म्हटलं, "आमच्यात त्याला राइट-ऑफ म्हणतात आणि ते फक्त मोठ्या कर्जदाराला मिळतं." यावर ती इतकी हसली की मॅनेजर केबिनबाहेर आले.

जुलै २०१९. इंग्रजी सुटलं. गणितात तेहतीस!

या वेळी मात्र ती हसली नाही. दाखला नाही, स्तोत्र नाही, काही नाही. दोन दिवस नुसती झाडत होती. झाडलेलंच पुन्हा झाडत होती. मुलगी आता नववीत होती. शेजारणी मुलीला विचारत, "तुझी आई आधी पास व्हायची का तू?" हे मावशीला लागलं होतं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "सर, प्रार्थनेला बसले तर शब्दच येईनात. मग नुसतीच बसून राहिले."

यावर काय बोलायचं हे बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हतं. म्हणून मी तिला दुसरीच गोष्ट सांगितली. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याची. तिथे योगेंद्र बांगर नावाच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. विद्यार्थिनी साठीपासून नव्वदीपर्यंतच्या. गुलाबी नऊवारी हा गणवेश. पाठीला दप्तर, हातात पाटी. आणि शाळेत सोडायला नातवंडं! या आज्यांना शिकावंसं का वाटलं? नोकरी नको, प्रमोशन नको. आपल्याला पोथी वाचता यावी, आणि कागदावर अंगठ्याऐवजी सही करता यावी. बँकेच्या काउंटरवर अंगठ्याचं निळं पॅड पुढे सरकवताना समोरची म्हातारी माणसं कशी नजर खाली घालतात, ते मी रोज पाहतो. त्यामुळे ती बातमी वाचून मला जो आनंद झाला तो पॅड बनवणाऱ्या कंपनीखेरीज सगळ्यांना कळेल.

मावशी ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या पोथीसाठी, आजी शास्त्रासाठी. देवाच्याच नादानं बाया शिकल्या म्हणायच्या." जरा वेळाने म्हणाली, "सर, तेहतीस वजा तीस तीन. पुढच्या खेपेला तीन वाढले की छत्तीस. श्रेढीच आहे की!" आणि खराटा ठेवून वही घेऊन आली.

मार्च २०२०. पेपर झाले आणि जग बंद पडलं. त्या वर्षीचा शेवटचा भूगोलाचा पेपर तर रद्दच झाला. बँक मात्र चालू. तोंडाला फडकी बांधून आम्ही काउंटरवर आणि मावशी जंतुनाशकाची बाटली घेऊन दारात. जुलैअखेर निकाल लागला. शाखेतल्या एकुलत्या एक चालणाऱ्या संगणकावर मी नंबर टाकला. सर्व्हर डाऊन. पुन्हा टाकला. कॅशियर कॅश उघडी टाकून मागे येऊन उभा राहिला. ऑडिटमध्ये हे फार गंभीर मानतात. तिसऱ्यांदा पान उघडलं. गणित : एक्केचाळीस!

श्रेढी चुकली होती, पण वरच्या बाजूला. मावशीने दोन्ही हात मिटले, डोळे मिटले आणि उभ्या जागी काहीतरी पुटपुटली. शेवटी 'आमेन' ऐकू आलं, आणि कॅशियरही 'आमेन' म्हणाला. संध्याकाळी त्याची कॅश एका फटक्यात जुळली.

आता इथे गोष्ट संपवली असती तर सिनेमा झाला असता. पण ही बँक आहे. मावशी मार्कलिस्ट घेऊन अर्ज करायला गेली, तेव्हा कळलं की आमच्या बँकेने शिपायांच्या जागा भरणंच थांबवलं आहे. कामं कंत्राटाने द्यायची ठरली आहेत. जुनं परिपत्रक रद्द झालं होतं, नव्या परिपत्रकाने. ते मात्र वेळेवर फाइलला लागलं होतं, त्यामुळे कोणी वाचलं नव्हतं.

शाखेत आम्ही सगळे तिच्यापेक्षा जास्त चिडलो. मॅनेजरसाहेबांनी निवृत्तीच्या आदल्या महिन्यात आयुष्यातलं पहिलं कडक पत्र वर पाठवलं. उत्तर अजून यायचं आहे. मावशी मला म्हणाली, "जागेसाठी बसले होते हे खरं. पण तीन वेळा बसल्यावर आता नुसतं जागेसाठी बसले होते असं वाटत नाही. जागा त्यांनी काढून घेतली. दहावी कशी काढून घेतील?"

पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, दहावीची परीक्षाच झाली नाही. मूल्यमापनावर निकाल लावला आणि जवळजवळ सगळी पोरं पास झाली; त्यांत मावशीची मुलगीही. कॅशियर म्हणाला, "बघा मावशी, एक वर्ष थांबला असतात तर मुलीबरोबर फुकट पास झाला असतात!"

"तर मग साहेब, मला परतावा कसला मिळाला असता?" मावशी म्हणाली.

त्यानंतर माझी मुरबाडला बदली झाली. म्हशाच्या जत्रेला एकदा ती मुलीला घेऊन आली होती, तेव्हा भेटली. शेजारच्या पाड्यावरच्या चार पोरींना संध्याकाळी गणित शिकवते म्हणाली. फी घेत नाही. दोन ठाकरांच्या, एक कातकऱ्याची आणि एक ती पूर्वी टोमणे मारणाऱ्या शेजारणीची. प्रत्येकीला आधी जिच्या तिच्या देवाचं नाव घ्यायला सांगते आणि मग वही उघडायला लावते.

२०२२ साली तिने बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाखा कोणती घेतली असेल? कॉमर्स! मी फोनवर परोपरीने सांगितलं की, माझ्याकडे पाहून तरी विचार बदला. ऐकेल तर शपथ. महिन्याभराने पुन्हा फोन. पुस्तपालनाच्या पहिल्या धड्यावर अडलेय का, म्हणून मी विचारलं आणि नियम समजावून सांगायला लागलो : वैयक्तिक खातं असेल तर घेणाऱ्याच्या नावे टाकायचं आणि देणाऱ्याच्या जमा करायचं.

"अडले नाही, सर," मावशी पलीकडून म्हणाली. "सोपं आहे म्हणून सांगायलाच फोन केला. घेणारी कोण ते माहितेय, देणारा कोण तेही माहितेय. नोंद करायचीच काय ती राहिली होती."